ग्राफीन झालंय की नाही? रामनचा आकडा उलटा वाढलाय

ऐरोलीचा_आळशी:
एमएस्सीचा प्रोजेक्ट चाललाय, ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर बनवायचाय. हमर्सच्या पद्धतीने (ॲसिड नि परमँगनेट) ग्राफाइटचं ग्राफाइट ऑक्साइड (जीओ) केलं मग व्हिटॅमिन सी टाकून ९५ डिग्रीला रिड्यूस केलं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढला, तपकिरीचं काळं झालं म्हणून खुशीत होतो. आता एक्सआरडीत (एक्स-रेने थरांतलं अंतर कळतं ती टेस्ट) १०.६ अंशांचा जीओचा पीक गेलाय, २४ च्या आसपास फुगवटा आलाय पण २६.५ ला एक टोकदार सुई पण आहे. वर रामनमध्ये (लेझरची टेस्ट) डी बाय जी, म्हणजे डिफेक्टचा पीक भागिले ग्राफाइटचा पीक, ०.९२ चा १.१५ झाला म्हणजे डिफेक्ट वाढले ना? सर म्हणतात परत कर. परत म्हणजे पुन्हा आठवडाभर धुणंच, तो चिकट गाळ फिल्टरमधून उतरतच नाही हो

कळव्याची_केमिस्ट:
रामनचं टेन्शन नको घेऊ, बहुतेकांचं असंच वाढतं. ऑक्सिजन गेला की एसपी२ चे (ग्राफाइटसारखे जोडलेल्या कार्बनचे) नवे पण बारके तुकडे तयार होतात, तुकडे बारके म्हणून कडा जास्त, म्हणून डी चढतो. यूव्ही स्पेक्ट्रम काढ, २३० नॅनोमीटरचा पीक २६५-२७० कडे सरकला असेल तर रिडक्शन झालंय. सुई मात्र खरी भानगड, ते तसंच राहिलेलं ग्राफाइट. जीओच्या पॅटर्नमध्ये होती का?

ऐरोलीचा_आळशी:
हो ताई आत्ता बघितलं, होती बारीकशी 😬 मला नॉईज वाटला

खारघरचा_जुना_पापी:
मग व्हिटॅमिन सीचा काय दोष. जीओ उरलं असेल तर पाण्यात सोनिकेट कर (अल्ट्रासाऊंडने थर सुटे कर), कमी स्पीडला सेंट्रीफ्यूज कर, जड ग्राफाइट खाली बसतं, वरचं तपकिरी पाणी घे नि तेवढंच रिड्यूस कर. नवीन बॅच केलीस तर बारीक ग्राफाइट घे, पण परमँगनेट बर्फात आणि चिमूटचिमूटच, त्यातून बनणारं मँगनीज हेप्टॉक्साइड ५५ डिग्रीच्या वर स्फोटासारखं फुटतं, हिरो बनू नको. धुताना आधी पातळ एचसीएल, पाणी नंतर, कारण ॲसिड उतरलं की जीओ फुगून जेल होतं आणि फिल्टर तुंबलाच. आणि रिपोर्टमध्ये ग्राफीन लिहू नको बाबा, आरजीओ (रिड्यूस्ड जीओ) लिही, एक्स्टर्नल परीक्षक त्यावरच धरतात

कळव्याची_केमिस्ट:
+१. जीओ उघडं पण ठेवू नको. जुलैत माझा १०.६ चा पीक ९.८ वर आला, थरांतलं अंतर ०.८३ चं ०.९० नॅनोमीटर, मी दोन दिवस शोध लागल्यासारखी मिरवत होते, निघालं काय तर हवेतली ओल थरांत शिरलेली 😂

ऐरोलीचा_आळशी:
अर्धी बाटली उरलीय, उद्याच सेंट्रीफ्यूजला नंबर लावतो. सरांना यूव्ही काढूनच तोंड दाखवीन