गर्भपिशवीच्या तोंडाला टाका: आधीच घालायचा की स्कॅन बघत थांबायचं?

सायली_प
मागच्या वर्षी २० व्या आठवड्यात बाळ गेलं. ना कळा ना ब्लीडिंग, दोन दिवस नुसतं ओटीपोटात जड वाटत होतं आणि पांढरं जास्त जात होतं, दाखवायला गेले तर तोंड उघडलेलं आणि पाण्याची पिशवी खाली आलेली. आता परत ११ आठवडे झालेत. आमच्या डॉक्टर म्हणतात एनटी स्कॅन (बाळात काही दोष तर नाही ना, ते बघायची सुरुवातीची सोनोग्राफी) नॉर्मल आला की १३ व्या आठवड्यात टाका घालून टाकू. सेकंड ओपिनियन घेतलं तर ते म्हणाले एकदाच झालंय, १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी खालून सोनोग्राफी करू, गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी कमी झाली तरच टाका. सासूबाई म्हणतात टाकाबिका नको, सहा महिने झोपून काढ. डोकं फिरलंय नुसतं. कोणाला अनुभव आहे का?

मुग्धा७
सायली, अगदी हेच माझं झालेलं, माझं १९ व्या आठवड्यात गेलं होतं. पुढच्या वेळी आम्ही स्कॅनवर थांबलो, १६ ला ३४ मिमी, १८ ला २९ आणि २० ला एकदम २१! आमच्या डॉक्टरांचा आकडा २५ चा होता, त्याच्या खाली म्हणून दुसऱ्या दिवशीच टाका. कमरेत इंजेक्शन देऊन केलं, जेमतेम वीस मिनिटं, रात्री तिथेच ठेवलं, दोन दिवस थोडं स्पॉटिंग. ३७ व्या आठवड्यात ओपीडीतच काढला, भूल वगैरे काही नाही, खोटं नाही सांगत दुखलं, पण मिनिटभर. सिस्टरने ट्रेमध्ये दाखवला तर पांढरी नाडी असते ना परकराची, तिचा तुकडा वाटला. यावर चार महिने सगळं लटकलेलं होतं! मुलगी आता बालवाडीत आहे. पण एक सांगते, प्रत्येक स्कॅनच्या आदल्या रात्री झोप नसायची. तेवढा जीव टांगणीला लावायचा नसेल तर आधीच घालून घे.

निवृत्त_सिस्टर
लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली म्हणून लिहिते. दोघंही डॉक्टर बरोबर आहेत गं, एकदाच गेलं असेल तर दोन्ही पद्धती चालतात. तुझी हिस्टरी मात्र अगदी टिपिकल आहे, कळा नसताना तोंड उघडणं. बेडरेस्टचं म्हणशील तर झोपून राहिल्याने तोंड बंद राहतं असं कुठे सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताची गाठ व्हायची भीती. सासूबाईंना डॉक्टरांसमोर बसव आणि त्यांच्याच तोंडून ऐकू दे, तू सांगून पटणार नाही. टाका घातला म्हणून निर्धास्त मात्र राहू नकोस, ताप, पाणी जाणं, रक्त, नियमित कळा यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजताही निघायचं. टाका तसाच ठेवून कळा सुरू राहिल्या तर तोंड फाटू शकतं. आणि जुळं आहे का ते सांगितलं नाहीस, जुळ्यात हिशोब वेगळा असतो.

पणजीकर
थोडं अवांतर. फाईलवर 'शिरोडकर स्टिच' लिहिलेलं दिसलं तर ते आपल्या गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, मुंबईत असताना १९५५ ला त्यांनी ही पद्धत मांडली. सुरुवातीला मांडीतल्या स्नायूंवरच्या आवरणाची पट्टी काढून ती वापरायचे! मूत्राशय वर सरकवून टाका अगदी वर घालतात. १९५७ ला मॅकडोनाल्ड नावाच्या डॉक्टरने बटव्याच्या नाडीसारखी सोपी पद्धत काढली, आता बहुतेक ठिकाणी तीच. बायकोला शिरोडकर घातला होता कारण आधीच्या बाळंतपणात तोंड फाटून फारच आखूड झालं होतं. तुमचा कुठला आणि का, एवढं विचारून घ्या.

सायली_प
एकच आहे, जुळं नाही. मुग्धाताई तो २१ चा आकडा वाचूनच पोटात गोळा आला, माझ्याने नाही होणार दर दोन आठवड्यांनी. १३ वालंच करतो. सासूबाई शुक्रवारी येतायत बरोबर. सिस्टर, टाका असताना जिने चढले तर चालतात का? आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

निवृत्त_सिस्टर
पहिले दोन-तीन दिवस सोडले तर सावकाश चढायला सहसा हरकत नसते, पण शुक्रवारी हेही विचार. पाण्याच्या बादल्या मात्र नवऱ्याकडे.