समुद्रतळाचे चिखल-ज्वालामुखी: वरच्या जहाजाला खरंच धोका असतो का?

चौकसबुवा:
४ जुलै २०२१ ला कॅस्पियन समुद्रात, अझरबैजानच्या बाकू शहराच्या दक्षिणेला, भर पाण्यातून आगीचा लोळ उठला होता. तो व्हिडिओ काल पुन्हा पाहिला. मला वाटलं तेलाची विहीर फुटली, पण तो निघाला चिखलाचा ज्वालामुखी! चिखल पेटतो कसा? आणि गॅस खालून सुटला की जहाज दगडासारखं बुडतं म्हणतात, ते खरं का?

गाळउपशा:
नाव ज्वालामुखी, पण लाव्हाशी काडीचा संबंध नाही. तळाखालच्या जाड गाळात पाणी आणि मिथेन हा ज्वलनशील वायू कोंडलेला असतो. वरून नवा गाळ साचतो, दाब वाढतो, आणि फट सापडली की सगळा रबरबाट वर. पेटतो तो मिथेन.

मी समुद्रतळाच्या सर्व्हेच्या जहाजावर बारा वर्षं काढली. सोनार म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र; त्याच्या पडद्यावर या गॅसचे बुडबुडे उदबत्तीच्या धुरासारखे तळापासून सरळ उठताना दिसतात. एकदा तिथेच तळात नळ खुपसून गाळाचा नमुना वर घेतला. डेकवर उभा चिरला तर आत गारांसारखे पांढरे खडे. एक तळहातावर घेतला, तो चुरचुरत फसफसला आणि बघता बघता नुसतं पाणी उरलं. मिथेन हायड्रेट, म्हणजे मिथेन कोंडलेला बर्फासारखा खडा! एका घनमीटरमधून साधारण १६० घनमीटर गॅस सुटतो. नेमका तेव्हाच आमचा आचारी विडी शिलगावत बाहेर आला. आम्ही सगळे एकदमच त्याच्यावर ओरडलो.

जहाजाचं म्हणाल तर बुडबुड्यांनी पाणी हलकं होतं आणि तरंगणं अवघड होतं, हे खरंय. पण त्यासाठी जहाज नेमकं झोताच्या तोंडावर हवं. बर्म्युडाजवळ जहाजं गायब होण्याच्या गोष्टी सोडा. खरी धास्ती तळ खोदणाऱ्या ड्रिलिंगवाल्यांना. ६ ऑक्टोबर १९८५ ला नॉर्वेजवळ 'वेस्ट व्हॅनगार्ड' या रिगने, म्हणजे खोदाईच्या फलाटाने, तळाखाली थोड्याच खोलीवरचा गॅसचा कप्पा फोडला. स्फोट झाला, एक जण गेला. म्हणून तर रिगच्या आधी आमची वरात पाठवतात.

मीठभाकर:
सप्टेंबर २०१३ च्या भूकंपानंतर पाकिस्तानातल्या ग्वादरसमोर आख्खं बेट वर आलं होतं ना? लोकांनी तिथे जाऊन गॅस पेटवूनही पाहिला म्हणे.

गाळउपशा:
हो, आणि धन्य त्यांची! भूकंपाचं केंद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब होतं, तरी हादऱ्याने कोंडलेला गॅस सुटला. ते बेट पुढे लाटांनी धुऊन नेलं.

चौकसबुवा:
मग सोनारवर दिसतंय तर कधी फुटणार ते आधी कळत नाही?

गाळउपशा:
जागा कळते, वेळ नाही. कॅस्पियनमधलाच कुमानी हा चिखल-ज्वालामुखी बघा. १८६१ मध्ये बेट वर आलं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला गायब. १९५० ला आलं ते ७०० मीटर रुंद. २०२३ मध्ये परत, आणि २०२४ संपता संपता जवळपास विरघळलं. बेट दिसतंय तोवर कप्तान वळसा घालून जातो. ते वाहून गेलं की पाण्याखाली जो उंचवटा उरतो, तो चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, नसला तर जहाजाचा तळ खरवडतो. बुडबुड्यांपेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटायची.