अभिरूप संसदेत उजवा पक्ष आणायचा, तर कोणता?

सभापटल (धागाकर्ता)

महाविद्यालयीन अभिरूप संसदेत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नकली संसदेत, साठ बाक असले, तर वाटणी साधारण अशी करतात: सत्ताधारी ३४, विरोधी पक्ष २०, अपक्ष ६. विरोधक म्हणतात अनुदान वाढवा, मंत्री म्हणतात वाढवलंच आहे. भांडण कसलं, लिलाव चालतो.

माझा प्रस्ताव: सात जणांचा नवा उजवा पक्ष आणा, आणि तो आर्थिक अर्थाने उजवा असू द्या. नमुना घरचाच आहे. जानेवारी १९५९मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला, आणि त्याच वर्षी राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी), एन. जी. रंगा, मिनू मसानी यांनी त्याविरुद्ध स्वतंत्र पक्ष काढला. परवाने कमी, कर कमी, शेतकऱ्याची जमीन त्याच्याच नावावर.

अर्थसंकल्पाच्या दिवशी अशा पक्षाला नियमच साथ देतात. सभागृहाला सरकारची खर्चाची मागणी नाकारता येते किंवा कमी करता येते, वाढवता येत नाही. कर कमी किंवा रद्द करणाऱ्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची शिफारस लागत नाही. मागणी कमी करा असं सुचवणाऱ्या कपात सूचना तीन प्रकारच्या. धोरणच अमान्य असेल तर मागणी १ रुपयावर आणा. उधळपट्टी दिसत असेल तर ठरावीक रक्कम कापा. एखादी तक्रार मांडायची असेल तर १०० रुपये कापा. मुलं नेहमी तिसरीच घेतात, कारण ती सोपी. पहिली देणाऱ्याकडून पर्यायी धोरणाची अपेक्षा असते, आणि तिथेच तयारी उघडी पडते.

तारांकित

सपशेल असहमत. तुम्ही उजवेपणातला सोयीचा तुकडा कापून घेताय. १९५१–५२च्या पहिल्या लोकसभेत जनसंघाचे ३, रामराज्य परिषदेचे ३ आणि हिंदू महासभेचे ४ सदस्य होते. त्यांच्या मागण्या गोवधबंदी, हिंदू कोड बिलाला विरोध, काश्मीर अशा होत्या. करांचे दर त्यात दुय्यम. भारतात "उजवा" म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते टाळून निव्वळ बाजारवादी पक्ष बसवला, तर सभागृह अर्थशास्त्राच्या तोंडी परीक्षेसारखं होईल.

आणि स्वतंत्र पक्ष तरी कुठे निर्भेळ होता? जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्यात, ओडिशातली संस्थानिकांची गणतंत्र परिषद त्यातच विलीन झालेली. संस्थानी मतं होती म्हणून बाक मिळाले, मसानींच्या इंग्रजी भाषणांवर नाही.

सभापटल

सरंजामदार होते, मान्य. पण अभिरूप संसदेत गोवधबंदी काढली की दहाव्या मिनिटाला घोषणाबाजी आणि विसाव्या मिनिटाला प्राध्यापक मध्ये पडतात. सहकारी शेतीवर असं होत नाही. मला मुलांनी आकडे घेऊन उभं राहायला हवंय.

तारांकित

घोषणाबाजी आवरणं हे सभापतींचं काम. नाव पुकारा, ऐकलं नाही तर निलंबनाचा ठराव घ्या. खऱ्या सभापतींना ते चुकतं का? ज्या विषयावर गोंधळ होतो तो गाळायचा, आणि याला संसद म्हणायचं?

दहावे परिशिष्ट

तुम्ही दोघं पक्षाचा रंग ठरवताय, पण तो जन्मणार कसा? धाग्यात ते नाहीच. "सात जणांचा पक्ष आणा" म्हणजे विरोधकांच्या २०मधून ७ फोडणार ना?

१९८५च्या पक्षांतरबंदीत (घटनेच्या दहाव्या परिशिष्टात) एक तृतीयांश फुटीला सूट होती. २०मध्ये ७ म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त, चाललं असतं. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती सूट गेली. आता फक्त विलीनीकरण, तेही दोन तृतीयांशांनी, म्हणजे २०पैकी १४. सात जण उठून वेगळे बसले तर सातही अपात्र. अपक्षांना घ्याल? निवडून आल्यावर पक्षात गेलेला अपक्षही अपात्र. सहा बाक जातील ते निराळेच.

मग दोनच वाटा. पक्ष अधिवेशनाआधी, मतदानाच्या फेरीतच उतरवा. नाहीतर संसद १९६७ची आहे असं जाहीर करा, तेव्हा हे परिशिष्टच नव्हतं. अर्धे नियम तेव्हाचे आणि अर्धे आजचे असा काला केला, की पहिल्याच हरकतीच्या मुद्द्यावर सभापती अडकतात.

शून्यप्रहर

वर्ष ठरवलंत तर पक्षादेशाचंही (व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा हुकूम) ठरवा. स्वतंत्र पक्षाची २१ तत्त्वं होती, आणि त्यांबाहेरच्या विषयांवर सदस्यांना मतस्वातंत्र्य होतं. १९६७च्या नियमांत हे मजेत चालेल. आजच्या नियमांत चालायचं तर पक्षाने त्या मतदानाला पक्षादेशच काढू नये. काढला आणि कोणी मोडला, तर १५ दिवसांत पक्षाने माफ केलं नाही की सदस्यत्व धोक्यात. दोन दिवसांच्या अधिवेशनात ते १५ दिवस कसे मोजणार, हे आधी लिहून ठेवा. मी तर १५ मिनिटं धरा म्हणेन.

आणखी एक. बाक मतांच्या टक्क्यांवर वाटू नका. स्वतंत्र पक्षाला १९६२मध्ये जेमतेम ८ टक्के मतं आणि १८ जागा होत्या. १९६७मध्ये मतं पाऊणएक टक्क्याने वाढली आणि जागा झाल्या ४४. मतं कुठे एकवटली आणि समझोते कोणाशी झाले, यावर सगळं फिरतं. शिवाय ४४ जागांनी तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला तरी विरोधी पक्षनेतेपद मिळालं नाही, कारण त्या पदासाठी सभागृहाच्या दहा टक्के जागा हव्यात असा संकेत. तुमच्या ६०मध्ये तो आकडा ६ येतो. सात देताना हे लक्षात होतं का?

सभापटल

नव्हतं, पण हरकत नाही. २० आणि ७ असतील तर पद २०वाल्यांकडेच जाईल. परिशिष्टवाल्यांचा मुद्दा मान्य, पक्ष मतदानाच्या फेरीतच उतरवावा लागेल. मात्र मला आजचेच नियम हवेत, १९६७चे नकोत.

दहावे परिशिष्ट

मग नोंदणीतच अडकाल. १९८९पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे नव्या पक्षाला घटनेतल्या समाजवादाशीही निष्ठा लिहून द्यावी लागते. बाजारवादी पक्षाने खोटं लिहायचं, की नोंदणीविना सात अपक्ष म्हणून यायचं? अपक्ष आले तर ना पक्षादेश, ना पक्ष म्हणून बोलायला वेळ. एरवी दोन तासांच्या चर्चेत ६०मध्ये ७ म्हणजे १४ मिनिटं मिळाली असती.

शून्यप्रहर

हाच तर सगळ्यांत चांगला विषय! शरद जोशींनी राज्यसभेत याच शब्दाविरुद्ध अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याचं) विधेयक आणलं होतं. शेतकरी संघटनेचा माणूस, कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर बसलेला, आणि म्हणतो समाजवादाची शपथ घेणार नाही. पहिल्या दिवशी पक्षाने शपथ घेऊन यावं आणि दुसऱ्या दिवशी तीच काढायचं विधेयक मांडावं. "काल सही कशी केलीत?" असं सत्ताधारी विचारणारच.

तारांकित

याला मी मत देईन. पण त्या सातांतल्या एकाने तरी समान नागरी कायद्यावर प्रश्न टाकावा, आणि पक्षाने त्याला गप्प करू नये. २१ तत्त्वांबाहेर स्वातंत्र्य आहे म्हणता ना?

सभापटल

टाकू दे. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचा, प्रश्न असेल तर पूरक प्रश्नांची तयारीही त्यानेच करायची.