सांगलीत गच्चीवर ब्लूबेरी : कोवळी पानं पिवळी पडताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत विश्रामबागेत राहते, गच्चीवर बाग आहे. कढीपत्ता, मोगरा, लिंबू मजेत आहेत. प्रश्न बेरीवर्गाचा आहे.

स्ट्रॉबेरी जमते. ऑक्टोबरात वाईकडून रोपं आणायची, जानेवारी-फेब्रुवारीत मूठ मूठ फळं खायची. एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकला की रोपं माना टाकतात. महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर, आम्ही १,८०० वर, तेव्हा त्याचं दुःख करत नाही.

ब्लूबेरीनं मात्र जीव खाल्लाय. भाच्यानं हौसेनं रोपं आणून दिली, कमी थंडीत येणारी जात म्हणे. आमच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास आणि हिला हवा ४.५ ते ५.५, म्हणून ग्रो बॅगेत कोकोपीट, पाइनची साल आणि थोडं गंधक घालून लावली. पावसाळाभर टवटवीत होती. दिवाळीनंतर बोअरचं पाणी सुरू झालं आणि शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. मग कडा करपतात. खालची जुनी पानं ठणठणीत! बॅगेच्या काठावर पांढरी पापडी धरलीये, नखानं खरवडली की भुकटी पडते.

सासऱ्यांची तासगावला द्राक्षबाग. त्यांचं निदान तयारच होतं, "फेरस, म्हणजे लोह कमी पडतंय, देऊन टाक." त्यांच्याकडचंच ईडीटीए फेरस (मुळांना घेता यावं म्हणून ईडीटीएत बांधलेलं लोह) मुळाशी दिलं. थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

पाणी आंबट करायचं तर कशानं? आणि इथल्या थंडीत फळ धरेल का? ('करवंदं लाव' हा सल्ला घरातून मिळून झालाय.)

प्रतिसाद १ :
ताई, पावसावर बरी आणि बोअरवर पिवळी, यातच उत्तर आलं. पाण्यातलं बायकार्बोनेट सामू वर ढकलतंय. गंधकाला काम करायला महिने लागतात, तोवर तुमचं पाणी त्याच्यावर मात करतं. सामू ६.५ च्या वर गेला की ईडीटीए लोह धरून ठेवत नाही. ईडीडीएचएत बांधलेलं लोह घ्या, ते चुनखडीच्या जमिनीतही टिकतं. पाण्यात लालभडक रंग येतो. द्राक्षवाल्यांच्या औषध दुकानात विचारा. पण ती मलमपट्टी झाली. खरा इलाज पाण्याचा. बादलीत सायट्रिक ॲसिड चिमूट चिमूट घालत सामू-पट्टीनं तपासा, ५.५ च्या आसपास आला की थांबा. दुसऱ्याचं माप वापरू नका, प्रत्येक बोअर वेगळा. खत म्हणून अमोनियम सल्फेट, तेही अगदी थोडं. राख तर चुकूनही नको.

प्रतिसाद २ :
फळाची आशा बेताचीच ठेवा. कमी थंडीच्या बऱ्याच जातींनाही ७ अंशांखालचे दीडशे-दोनशे तास लागतात, आपल्याकडे तेवढी थंडी कुठली? शेजारी एक तुती लावा. छाटली की नव्या फुटीवर फळं येतात, मातीचे नखरे नाहीत.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. सामू-पट्ट्या आजच आणते. अजून एक, उन्हाळ्यात एसीखाली रोज बादली भरते. ते पाणी घातलं तर चालेल का, की त्यात तांब्याच्या नळीचं काही उतरतं?