मदत हवी आहे: डोंगरातल्या शर्यतीसाठी कोणते बूट? (बडोदा)

कारेलीबागची_केतकी
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. डिसेंबरमधल्या शर्यतीसाठी डोंगरात चालतील असे धावायचे बूट हवेत. सेल आज रात्री संपतोय, त्यामुळे आजच ऑर्डर करायचेत. रविवारी पावागडावर सरावाला गेले होते. चढताना काही झालं नाही. उतरताना मात्र मांड्या अशा लटलटायला लागल्या की माचीच्या खाली कठडा दिसेल तिथे धरत आले. आज तिसरा दिवस आहे. बँकेत खुर्चीवर बसताना टेबलाचा आधार घ्यावा लागतोय. माझे बूट साध्या रस्त्यावरचे आहेत, त्यामुळेच हे झालं असणार. बजेट सात हजार. लांबलचक सल्ले नकोत, मॉडेल सांगा.

सह्यभटक्या
शर्यत कोणती? साताऱ्याची हिल मॅरेथॉन म्हणत असाल तर ती डांबरी रस्त्यावर होते. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने परत यायचं. तिला डोंगरी बूट लागत नाहीत, उलट जड पडतील. पण ती पावसाळा सरताना असते, डिसेंबरात नाही. म्हणून विचारतो: रस्ता की पायवाट? अंतर किती? चढ किती?

मांडवीचा_मंदार
डेकॅथलॉनचे पायवाटेवर धावायचे बूट डोळे मिटून घ्या. मी दोन वर्षं वापरतोय. तळाचे रबरी खिळे किमान ४-५ मिमी हवेत, बस. आणि फोटो बघून मागवू नका. दुपारनंतर पाय थोडे सुजतात, तेव्हा दुकानात जा, धावताना घालता तेच मोजे घाला आणि उतरत्या फळीवर उभं राहून बघा. बोटं पुढे टेकली तर तो बूट लहान.

फिजिओ_मांजलपूर
बुटांनी मांड्या थरथरत नाहीत. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, ब्रेकसारखा. स्नायूला त्याची सवय नसेल तर बारीक इजा होते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखते. तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे. एकच विचारते: सराव कुठे करता, आणि उतरता कशा?

दांडियाबाजारचे_अप्पा
केतकी, पावागडाने तुझं भागायचं नाही. गिरनार गाठ. दर वर्षी तिथे चढण्या-उतरण्याची स्पर्धा होते. पुरुषांना अंबाजीपर्यंत ५,५०० पायऱ्या, बायकांना माळी परबपर्यंत २,२००. मी स्वतः चार वेळा अंबाजीपर्यंत गेलो आहे, शेवटच्या खेपेला वय ५८ होतं. ते पाय एकदा तयार झाले की तुझी शर्यत किरकोळ आहे.

कारेलीबागची_केतकी
अप्पा, जुनागढला जायला सुट्टी नाही. दिवाळीची सगळी रजा शर्यतीच्या प्रवासासाठी राखून ठेवली आहे.

सह्यभटक्या, रस्ता नाही, पायवाट. सह्याद्रीत २५ किमी, एकूण चढ १,३०० मीटर, वेळेची मर्यादा ७ तास. सपाटीवर माझी हाफ मॅरेथॉन २ तास १४ मिनिटांची आहे, दमाचा प्रश्न नाही.

फिजिओ, आमच्या इमारतीत ११ मजले आहेत, आठवड्यातून दोनदा दहा-दहा वेळा चढते. खाली लिफ्टने येते. त्याचा काय संबंध?

फिजिओ_मांजलपूर
सगळा संबंध तिथेच आहे! एक मजला सुमारे ३ मीटर धरला तर दहा खेपांत ३३० मीटर चढलात आणि शून्य मीटर उतरलात. आठवड्याला ६६० मीटर चढ, उतार काहीच नाही. मग पावागडावर एकाच दिवशी कित्येक शे मीटर उतार त्याच मांड्यांवर आला. त्या तक्रार करणारच.

दांडियाबाजारचे_अप्पा
उतरताना लिफ्ट घ्यावी हे मीच कमाटीबागेतल्या आमच्या मंडळींना सांगत आलोय, केतकीही त्यातलीच. उतरण्याने गुडघ्याची वाटी झिजते. माझ्या दोन मित्रांचे गुडघे जिन्यांनीच गेले. पस्तिशीनंतर उगाच धोका घेऊ नये.

फिजिओ_मांजलपूर
अप्पा, गुडघा आधीच दुखत असेल, सुजत असेल, तर मीही लिफ्टच सांगेन. केतकीताईंचा गुडघा दुखत नाही, मांडी दुखतेय. शर्यतीत लिफ्ट नाही. जेवढं चढायचं तेवढं उतरायचंच आहे, मग दहा आठवडे त्यापासून पळून शेवटी एका दिवसात १,३०० मीटर उतरणं हा जास्त मोठा धोका. एक चांगली गोष्ट सांगते: एकदा उताराने स्नायू दुखून बरा झाला की पुढच्या खेपेला तोच उतार बराच कमी दुखवतो, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणजे रविवारचं दुखणं वाया गेलेलं नाही. पण दुखणं पूर्ण जाईपर्यंत पुन्हा उतारावर जाऊ नका, तोवर सपाटीवर हळू पळा.

सपाट_धावक
ट्रेडमिल विसरताय सगळे. १५ टक्के चढ लावून ताशी ५ किमीने चाललं की तासाला ७५० मीटर चढ होतो. नाडी मोजत करा. ऊन नाही, कुत्री नाहीत. मी पूर्ण पावसाळा असाच काढतो.

मांडवीचा_मंदार
अरे पण प्रश्न उताराचा आहे! ट्रेडमिलवर पुन्हा चढच.

सपाट_धावक
मग अटल पूल. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी, साडेतीन किलोमीटर, पहाटे मोकळा असतो.

मांडवीचा_मंदार
मोकळा म्हणूनच पहाटे गाड्या सुसाट असतात. आणि चढ-उतार फक्त दोन टोकांना, मधे सरळ सपाट. ताई, तिकडे जाऊ नका. त्यापेक्षा सिंधरोटकडची महीची कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, बघा. मातीचे कडे छोटे असतात पण उभे, पंधरा-वीस पावलांत घाम फोडतात. वर जा, खाली या, असं तासभर करा. पाय कुठे टाकायचा हे डोळ्यांना तिथे कळायला लागतं, जिन्यात नाही कळत. पावसानंतर लगेच जाऊ नका, कड ढासळते. एकट्याने तर अजिबात नको.

सुखडीवाली_वहिनी
मगरींचं काय? महीतही आहेत म्हणतात.

मांडवीचा_मंदार
पाण्याजवळ जायचंच नाही वहिनी, वरच्या अंगाने पळायचं.

सुखडीवाली_वहिनी
विश्वामित्रीकाठी राहणाऱ्याला विचारा. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं, आणि समोरच्या ओट्याजवळ एक मगर अर्धा दिवस होती. मुलांना तीन दिवस माळ्यावरच ठेवलं. तेव्हापासून पाण्याशेजारी सकाळी अंधारात जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. उजाडल्यावर जा बाई.

आणि खायला काय नेणार आहेस? माझा नवरा लांब पळतो, मी सुखडी देते. कणीक तुपात खरपूस भाजायची, गूळ विरघळला की उतरवायची, लहान वड्या पाडायच्या. खिशात चार दिवस टिकते.

सपाट_धावक
धावताना तूप पोटात पडून राहतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हवेत. जेल किंवा खजूर घ्या.

सुखडीवाली_वहिनी
तुमचे जेल माझ्या नवऱ्याला उलटीसारखे होतात. सात तास गोड चिकट काहीतरी चोखत कोण राहील? चढाला चालतच जायचं आहे ना, मग चावून खाता येतं की.

फिजिओ_मांजलपूर
दोघांचंही थोडं थोडं घ्या, फक्त शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काही खाऊ नका. पाण्याबद्दल मात्र सांगायलाच हवं: ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच टाका. चव लागावी म्हणून अर्ध्या लिटरात टाकणारे मी पाहिलेत, त्याने पोट बिघडतं. नुसतं साधं पाणी घटाघट पीत राहणंही धोक्याचं आहे, रक्तातलं मीठ उतरतं. तहान लागेल तसं प्या.

सह्यभटक्या
आता आकडे आलेत तर हिशेब करू. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याचा एक ठोकताळा दिला. मेट्रिकमध्ये तो असा: ५ किमीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमचे २५ किमी म्हणजे ५ तास, १,३०० मीटरचे २ तास १० मिनिटं. एकूण ७ तास १० मिनिटं, मर्यादेपेक्षा दहा मिनिटं जास्त. म्हणजे नुसतं चालून भागत नाही, कुठेतरी पळावं लागेल. चढावर पळून दमायचं नाही. हात मांडीवर टेकवून लांब, संथ पावलांनी चढा. वेळ सपाट पठारावर आणि सोप्या उतारावर वाचतो. मांड्या गेल्या तर तोच वेळ हातचा जातो. हाफ २:१४ मध्ये केलीत म्हणून दमाचा प्रश्न नाही म्हणता, ते मला पटतं. प्रश्न पायांचाच आहे.

डिसेंबरात आमच्याकडे पायवाट कोरडी असते, मुरमाचा घसारा आणि वाळलेलं गवत. गवतावर बूट सर्रकन जातो. तिथे मागे झुकून उतरायची चूक सगळे करतात. मागे झुकलात की टाच निसटते आणि माणूस पाठीवर येतो. गुडघे किंचित वाकवा, पावलं छोटी आणि भराभर, नजर तीन-चार पावलं पुढे. हात थोडे फाकलेले, कोंबडी पळते तसे. दिसायला बरं दिसत नाही, पण तोल राहतो.

कारेलीबागची_केतकी
सेल संपला. बूट घेतले नाहीत. राग नका मानू, मला बुटाचं नाव हवं होतं आणि तुम्ही मला लिफ्टमधून बाहेर काढलंत. आता सांगा, दहा आठवडे आहेत, आठवडा कसा लावू? आणि पावागडावर कधी जाऊ?

फिजिओ_मांजलपूर
पहिले दोन आठवडे जिने: चढा, आणि यावेळी उतराही. तीन खेपांनी सुरुवात करा, दहाने नाही. मग आठ-दहा दिवसांतून एकदा मोठा उतार. मधल्या दिवशी पायरीवर एका पायाने हळू खाली बसायचा व्यायाम, तीन सेकंद मोजत, प्रत्येक पायाने आठ वेळा. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर पाय फक्त हलके ठेवायचे. गुडघ्याच्या वाटीत टोचलं किंवा सूज आली तर थांबा आणि दाखवून घ्या.

दांडियाबाजारचे_अप्पा
पावागडावर नवरात्रात जाऊ नकोस. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, आणि धावणाऱ्याने भाविकांना खेटत जाणं बरं नाही. रविवारही टाळ. रोपवे माचीपासून वर जातो, त्यामुळे माचीच्या वर गर्दी असते. तू चांपानेरहून जुन्या वाटेने, किल्ल्याच्या दरवाजांतून चढ. दगड गुळगुळीत आहेत, पण सकाळी माणूस कमी भेटतं. वर कालिकेचं दर्शन घेतल्याशिवाय मात्र उतरू नकोस. लिफ्टबद्दल फिजिओताई म्हणतात ते मी ऐकून घेतलं. माझ्या गुडघ्यांना ते लागू नाही, तुझ्या असेल.

---

कारेलीबागची_केतकी (पाच आठवड्यांनी)
धागा वर काढते. पावागड तीनदा झाला, चांपानेरहून. तिसऱ्या खेपेला पूर्ण उतार पळत आले, दुसऱ्या दिवशी खुर्चीत सरळ बसले, टेबल धरलं नाही. मंदारने सांगितलेले बूटही घेतले, नेहमीच्याच मापाचे. पण आता उजव्या अंगठ्याचं नख निळसर झालंय, खालच्या बाजूने दुखतं. शर्यतीला पाच आठवडे आहेत. नख पडेल का?

मांडवीचा_मंदार
दुकानात उतरत्या फळीवर उभ्या राहिलात का?

कारेलीबागची_केतकी
नाही. ऑनलाइन मागवले.

मांडवीचा_मंदार
म्हणूनच सांगितलं होतं. सरळ उभं असताना पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा नसेल तर अर्धं माप वर जा. बदलून मिळत नसतील तर निदान नाडी अशी बांधा: सगळ्यात वरचं जादा छिद्र असतं ना, जे आपण कधी वापरत नाही, त्यात नाडी त्याच बाजूने आत घाला म्हणजे एक छोटा फासा होतो. दोन्ही बाजूंना तसे फासे करून विरुद्ध बाजूची नाडी त्यांतून ओवा आणि मग ओढा. टाच मागे घट्ट बसते, पाय पुढे सरकत नाही. नखं आजच कापा, सरळ.

फिजिओ_मांजलपूर
नख निळं आहे आणि ठणका नाही, तर घाबरू नका. पडलं तरी खालून नवं येतं. ठणका लागला, आसपास लाली-सूज आली किंवा पू दिसला तर डॉक्टरांकडे जा, स्वतः सुई टोचू नका.

कारेलीबागची_केतकी (चार दिवसांनी)
अर्धं माप वरचे आणले, दुकानात फळीवर उभी राहून. फासे बांधून आज जिना पंधरा वेळा चढले आणि पंधरा वेळा उतरले. नख बुटाला लागलं नाही. शेवटचा मोठा उतार पुढच्या शनिवारी. मंदार, येतोस का? एकटीने घसाऱ्याच्या जागी जायला नको वाटतं.

मांडवीचा_मंदार
येतो. चारला कमाटीबागेच्या मोठ्या गेटपाशी. टॉर्च आणा, मोबाइलचा चालणार नाही.

सुखडीवाली_वहिनी
सुखडी मी शुक्रवारी संध्याकाळी पोचवते. आठ वड्या. तुपाचं प्रमाण कमी केलंय.

दांडियाबाजारचे_अप्पा
मी बसने माचीपर्यंत येतो, तिथे थांबतो. वरून उतरताना तुझी पावलं बघायची आहेत. आणि फेब्रुवारीत गिरनारचं मनावर घे.