मदत हवी आहे : साधा ब्लू-रे घेऊ की फोर-के?

भावांनो जरा सांगा की, आते भाऊ अमेरिकेतनं दिवाळीला कोल्हापूरला यायलाय, तो म्हणतोय तिकडनं फोर-के ब्लू-रे प्लेअर (सिनेमाच्या डिस्क लावायचा, साध्या ब्लू-रेपेक्षा जास्त स्पष्ट चित्राचा) आणतो. फोर-के डिस्कला रीजनची (म्हणजे एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर न चालायची) भानगड नसते हे ठीक, पण माझ्याकडं साध्या ब्लू-रे हायत त्या रीजन सी च्या आणि अमेरिकेचा प्लेअर रीजन ए, मग त्या चालणार कशा? शिवाय तिकडं ११० ते १२० व्होल्ट, आपल्याकडं २३०!

राजारामपुरीत एकजण जुना एचडी डीव्हीडी (साधी डीव्हीडी न्हवं, ब्लू-रेचा तेव्हाचा स्पर्धक) प्लेअर स्वस्तात देतोय, पण तोशिबानं २००८ लाच तो फॉरमॅट सोडला, डिस्क कुठनं आणू, तो नकोच. रीजन-फ्री करून घेतलेला प्लेअर कुणी वापरतंय का? अपडेट मारल्यावर लॉक परत बसतो का?