मदत हवी आहे: गेमचं अपडेट लांबलंय, खेळणाऱ्यांना काय सांगू?

मंडळी, भुसावळला आम्ही तिघं मिळून मोबाईलवरचा छोटा ऑनलाइन गेम चालवतो. रावेरहून केळीचा ट्रक भरायचा आणि माल पिकायच्या आत दिल्ली गाठायची. सातपुड्याच्या घाटांचा नवा नकाशा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) देऊ, असं मी उत्साहात जाहीर करून बसलो. दीड महिना उलटला. चौघं एकत्र खेळले की एकाचा ट्रक दुसऱ्याच्या स्क्रीनवर उड्या मारतो, सर्व्हरशी मेळच बसत नाही.

रोज विचारणा, “कव्हय येई भाऊ?” पोरं मनापासून वाट पाहताहेत, जीव तुटतो.

सायबरपंक २०७७ हा मोठ्या कंपनीचा गेम तर २०२० मध्ये तीनदा लांबला, तरी चुकांसकटच आला. तसं अर्धवट द्यायचं नाही. मग नवी तारीख सांगू, की दर शुक्रवारी फक्त काम कुठवर आलं ते? एकट्यानं खेळायचा भाग आधी देऊ का?